ओळख देणारा माणूस

सोमवारी बीडच्या कचेरीत गेले होते. काम साधं होतं... एका कागदावर साहेबांची सही आणि शिक्का.

मी मूळची नगरची. नर्सचं ट्रेनिंग पुण्यात झालं आणि नोकरी लागली इथे, निजामाच्या मुलखात. आई-वडील गेल्यापासून अकरा वर्षांची धाकटी बहीण काकांकडे असते. त्यांनी तिचं लग्न एका बिजवराशी ठरवलंय.

तिचा ताबा मला मिळावा म्हणून मी नगरच्या कोर्टात अर्ज केला. तिला सांभाळेन, असं माझं प्रतिज्ञापत्र कोर्टाने मागितलं. पण मी परराज्यात राहते, तेव्हा ते इथल्या अधिकाऱ्यासमोर केलेलं हवं...

कारकुनाने कागद उलटून पाहिला. "बाई, तुमीच त्या, हे सांगनारा गडीमानूस आना. बायकांची वळख चालत न्हाई इथं."

इथल्या कितीतरी घरांत मी बाळंतपणं केली आहेत. पण मी आत गेले की पुरुष बाहेर जातात. मला ओळखतात त्या सगळ्या बायका... आणि त्या कचेरीची पायरी चढत नाहीत. दवाखान्याचे डॉक्टर दौऱ्यावर, आणि कोर्टाची तारीख याच आठवड्यातली. बहिणीचं लग्न आणि हे सगळं मी कारकुनाला दोनदा, स्पष्ट शब्दांत सांगितलं. तो पान लावत राहिला.

ओसरीवर स्वतःच्या कामासाठी बसलेला एक शेतकरी उठून आत आला.

"ह्या बाईंची वळख म्या देतो."

"तोंड तरी पाह्यलंय का कधी?" कारकुनाने विचारलं.

"न्हाई. मान खाली हुती माझी. आवाज वळखतो. बायकोच्या बाळंतपनाला आल्त्या घरी."

"मग बारशाला जेवू घातलं का न्हाई बाईंला?"

"बारसं झालं न्हाई."

कारकुनाने दौत पुढे ओढली...

मला तेव्हा आठवलं. मांजरसुंब्याजवळची वस्ती. मूल गेल्याचं अंगणात येऊन मीच सांगितलं होतं, एका वाक्यात. त्याने मान खाली घालून ते ऐकलं होतं.

त्याने अंगठा उठवला. साहेबांची सही झाली, शिक्का पडला. मी आभार मानले तर म्हणाला, "बहिनीला घिऊन या लवकर," आणि पुन्हा ओसरीवर जाऊन बसला.

कागद नगरला रवाना झालाय. निकाल काय लागेल, सांगता येत नाही. पण त्या शेतकऱ्याच्या जागी मी असते, तर मूल गेल्याचं सांगणारा तो आवाज पुन्हा कानी पडताच तिथून उठून गेले असते... हे मला पक्कं माहीत आहे.