सहा मिलिमीटर

दातवाल्यांच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या, आणि त्यांतल्या एकीवर कायम प्लॅस्टरची पिशवी बसलेली असायची. पुतणी आली तेव्हा त्यांनी ती उचलून जमिनीवर ठेवली. पुतणी कधी या खोलीत फिरकली नव्हती. म्हणजे काहीतरी काम काढून आली असणार.

दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवत, आणि हे त्यांवरून प्लॅस्टरचे जबडे ओतत, कवळ्या करत. वीस वर्षांपासून मोठ्या इस्पितळाचं आणखी एक काम त्यांच्याकडे येई. कुणाचा वरचा जबडा वाढीत मागे राहिला, तर सर्जन तो कापून पुढे आणत. त्याआधी तेच ऑपरेशन दातवाले प्लॅस्टरवर करत. वरचा जबडा करवतीने सुटा करायचा, ठरलेलं अंतर पुढे घ्यायचा, मेणाने जोडायचा आणि त्या नव्या जागेवर बसेल अशी पारदर्शक पट्टी घडवायची. सर्जन त्या पट्टीच्या आधाराने खरा जबडा बसवत. अशी दोनशेच्या वर तोंडं त्यांच्या हातून गेली होती.

त्यांचं स्वतःचं तोंड मात्र तसंच राहिलं. खालचे दात वरच्यांच्या पुढे. शाळेत पोरांनी नाव ठेवलं ‘ड्रॉवर’, बंद करायचा राहून गेलेला. धाकट्या भावाचा चेहरा मात्र साच्यातून काढल्यासारखा. त्याच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत दातवाल्यांचा हात हनुवटीवर आहे, मोठ्या विचारात पडल्यासारखा.

आणि त्याच भावाच्या मुलीने जबडा घेतला तो काकांचा. खोटं कशाला सांगा, त्यांना तेव्हा आतून जरा बरंच वाटलं होतं.

“काका, सर्जन म्हणतात, माझं ऑपरेशन करता येईल,” पुतणी म्हणाली. “बाबा म्हणतात, दादाला विचार, त्याला यातलं कळतं. तो सांगेल तसं करू.”

“आणि आई?”

“आई म्हणते, काकांचं काही अडलं का.”

दातवाल्यांना हसू आलं. ते त्यांनी मिटल्या ओठांतच ठेवलं.

“तुझं काय अडतंय?”

“पाव पुढच्या दातांनी तुटत नाही. बाजूने ओढत बसावं लागतं. ऑफिसात सगळे उठले की मग मी डबा उघडते.”

तेही जन्मभर असेच जेवत आले होते. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ही पंचविशीतली पोर बसल्या बसल्या सांगून मोकळी झाली. हिचा चेहरा बदलणार. ही फोटोत हात खाली ठेवून उभी राहणार. मग घरात ड्रॉवर एकटाच.

ते बोलू लागले. “आधी वर्ष-दीड वर्ष दातांना तारा. मग ऑपरेशन. सूज. कित्येक आठवडे पातळ खाणं. वरचा ओठ बधिर होतो, काहींचा थोडासा कायमचा राहतो. नाक पसरू शकतं. जबडा पुन्हा थोडा मागे सरकू शकतो.”

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण ऑपरेशननंतर या खोलीत हसत भेटायला येणारी माणसं त्यांनी सांगितली नाहीत. पुतणी फोनवर टिपून घेत होती. हळूहळू तिचं बोट थांबलं.

“म्हणजे नकोच म्हणता?”

‘नकोच’ म्हणायला दातवाल्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने फळीवरचा एक जबडा उचलला. बाकी सगळ्यांवर पेशंटचे नंबर होते, याच्यावर नव्हता. वरचा भाग कापून पुढे घेतलेला, मेण जुनं होऊन काळपटलेलं.

“हा तर अगदी माझ्यासारखा. कुणाचा?”

“माझा,” दातवाले म्हणाले. “सहा मिलिमीटर पुढे घेतलाय. वीस वर्षं झाली.”

“मग ऑपरेशन का नाही केलंत?”

“कुणाला विचारलंच नाही. लाज वाटली.”

जबडा दोन्ही हातांनी धरून, पडेल की काय अशा भीतीने जपून तिने तो फळीवर ठेवला. दातवाल्यांनी फोन उचलला आणि भावाला लावला.

“करू दे तिला. हो. धोके सांगितलेत, आता उरलेलंही सांगतो.”

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. सर्जनला काय विचारायचं तेही: फक्त वरचाच जबडा हलवणार की दोन्ही, आणि त्यांच्या पेशंटांत ओठ बधिर राहिलेले किती. तिने सगळं टिपून घेतलं.

“पट्टी तुम्हीच करायची हं, काका.”

“नाही. सर्जनना सांग, दुसऱ्या कारागिराकडे द्या.”

“असं का?”

“सहा सरकवायचे असले, तर माझा हात पाचावर थांबेल.”

तिला ती गंमत वाटली, ती हसली. दातवाले हसले नाहीत. ती जिना उतरून गेल्यावर त्यांनी प्लॅस्टरची पिशवी उचलून पुन्हा खुर्चीवर ठेवली.