कॅलेंडरमागची काच

मे महिन्याची सुट्टी. अंगणातल्या चुलीवर कुरडयांचा चीक हाटत होते आणि फोन वाजला. मामेभाऊ होता. "ताई, दादा गेले," एवढंच म्हणाला. दादा म्हणजे त्याचे वडील, माझा शांतवनमामा. वय ऐंशीच्या पुढे, झोपेतच गेला, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. तरी माझ्या हातून चीक करपला. कारण चारच दिवसांपूर्वी मामानं फोनवर नेहमीचा प्रश्न विचारला होता, "मास्तरीनबाई, काच बगितली का?" घरात पाहुणे होते, मी घाईत होते. म्हणून टाकलं, "हो मामा, बघितली. चांगली आहे." बघितली नव्हती. साफ खोटं बोलले मी... आणि तेही कुणाशी, तर जन्मभर ज्यानं भिंतींची लबाडी पकडली त्याच्याशी! ही काच कसली, ते सांगायचं तर मामापासूनच सुरुवात करायला हवी.

मामा घोडेगावजवळच्या आमच्या आजोळचा गवंडी. ऐन उमेदीत साखर कारखान्याच्या बांधकामावर श्रीगोंद्याला होता, तिथं त्यानं पुष्कळ घरं बांधली. पण त्याचं नाव झालं ते म्हातारपणी, थापी खाली ठेवल्यावर. कुणाला तयार घर विकत घ्यायचं असलं की आधी मामाला घेऊन जायचे. आम्ही त्याला चिडवायचो, "मामा, मुलगी बघायला निघालात का?" कारण थाटच तसा असायचा. धुतलेला नेहरूशर्ट, टोपी, पिशवीत भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा, खिशात एक रुपयाचं नाणं. रविवारी चर्चची उपासना आटोपली की निघायचाच. नाण्यानं गिलावा वाजवत खोलीभर हिंडायचा. पोकळ जागी बद्द आवाज आला की नुसती मान डोलवायचा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसतं ते बघत उकिडवा बसायचा. चहा मात्र सगळं बघून झाल्याशिवाय घ्यायचा नाही. म्हणायचा, "चा घेतला की जीभ जड होती."

आणि त्याची पहिली मागणी ठरलेली, "तेवढं कॅलेंडर काढता का?" लोक म्हणे भेग पडली की खिळा मारतात आणि कॅलेंडर लावतात. मामाला याचा भारी राग. "घोडेगावच्या बाजारात म्हस घ्यायची तर मानूस तिला चार येळा चालवून बगतो, दात बगतो, कास चाचपतो. आन घर घेताना? नुस्ता रंग बगतो! लई शहानी मानसं!"

माझी पाळी आली तेव्हा मी अशीच शहाणी होते. मी शिक्षिका, आमचे हे पोस्टात. बदल्यांपायी बारा वर्षं भाड्याच्या खोल्या बदलल्या. शेवटी श्रीगोंद्यात एक घर सापडलं, अगदी मनातलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझी शाळा दिसायची. शिवणाचं मशीन कुठं, पाळणा कुठं, सगळं मी मनात मांडून टाकलं होतं. विसार द्यायचा दिवससुद्धा ठरला. मामाला बोलावलं ते केवळ रीत म्हणून.

फाटकातून आत आल्यावर मामा थबकला. घराकडे बघितलं, शेजारच्या घराकडे बघितलं, मग परत घराकडे. आत आला, पण ना नाणं काढलं ना ओळंबा. सरळ चालत मागच्या खोलीत गेला आणि कोपऱ्यातल्या कॅलेंडरसमोर उभा राहिला. मालकांनी कुरकुरत ते काढलं. मागं करंगळी जाईल एवढी भेग, कॅलेंडरच्या वर आणि खाली लिंपून रंगवलेली!

"तुम्हाला कसं कळलं हो?" मालकांनी विचारलं.

मामानं टोपी काढून हातात घेतली. "कारन ह्ये घर मीच बांधलंय. तुमी ज्यांच्याकडनं घेतलं ना, त्यांच्यासाठी. समदी काळी माती हुती हितं. मुरूम लागायला अजून दोन हात खाली जायचं हुतं. त्यांच्या घरी लगीन हुतं, घाई हुती. म्हनले, बास. आन मी बास केलं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काळी माती पावसात फुगती, उन्हाळ्यात आकसती. पाया तिच्यासंगं हालतो. घिऊ नगं, पोरी."

मालक भडकले. "अहो, तुम्ही घर बघायला आलात की मोडायला?" आणि खरं सांगते, मला तरी कुठं मामाचा अभिमान वाटला तेव्हा? मला रडू फुटलं. बाहेर आल्यावर मी त्याला फाडफाड बोलले. घर नको तर नको म्हणायचं, ओल आहे म्हणायचं, शंभर कारणं होती. स्वतःच्या तोंडानं स्वतःची अब्रू घालवायची काय गरज होती? मामानं ऐकून घेतलं. म्हणाला, "तू न्हाई घेतलं तर दुसरं कोनीतरी घेईलच की. त्याची बी पोरं त्याच खोलीत निजतील. आन त्या मालकाला तरी कळाया नगं, कुठं दुखतंय ते?"

पंधरा दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. पंधरा दिवसांनी कळलं ते शेजारणीकडून, की एक म्हातारा रोज येऊन त्या घराचा पाया खोदतोय! अडुसष्ट वर्षांचा माझा मामा, गावाकडून दोन गडी आणून, मालकांची समजूत घालून कामाला लागला होता. भिंतीखाली तीन-तीन हात लांब खड्डे, भिंत खचू नये म्हणून एक सोडून एक, मुरूम लागेपर्यंत खोल, आणि त्यात काँक्रीट. एक भरला, सुकला, मग पुढचा. मी डबा घेऊन गेले तेव्हा तो छातीएवढ्या खड्ड्यात उभा होता. वर न बघताच म्हणाला, "आली का मास्तरीन? राग गेला म्हन की." मी डबा उघडून खड्ड्याच्या काठावर ठेवला.

काम झाल्यावर त्यानं भेग बुजवली, पण मधला वीतभर भाग उघडाच ठेवला. खिडकीच्या काचेची बोटभर रुंद पट्टी भेगेवर आडवी ठेवली, दोन्ही टोकं सिमेंटात बसवली. भिंत केसभर जरी हलली तरी ती काच तडकणार. मला म्हणाला, "एक पावसाळा जाऊ दे, एक उन्हाळा जाऊ दे. मंग बोलू." मालकांचं घर तसंही कुणी घेत नव्हतं, बातमी सगळीकडे झाली होती. त्यांनी थांबायचं कबूल केलं. पुढच्या जूनमध्ये मामानं भिंगातून काच बघितली, आणि मालकांच्या घरी पहिल्यांदा चहा मागितला. ते घर आम्ही घेतलं. आज मी राहते ते हेच.

काच काढू दिली नाही त्यानं. "झाकायची तर कॅलेंडरनं झाक. पन दर म्हैन्याला पान उलटशील तवा बगत जा." आणि दर पावसाळ्यानंतर, दर मे महिन्यात, त्याचा फोन.

त्याच्या मातीला गर्दी खूप होती. पाळकसाहेबांची प्रार्थना झाल्यावर अनोळखी माणसं येऊन सांगत होती, "आमच्या घरातलं कॅलेंडर यांनीच काढलं होतं." एकानं विचारलं, स्वतःचंच घर नापास करणारे ते हेच का? मी म्हटलं, "हो, हेच. माझे मामा." इतकी ताठ मानेनं मी कधी काही बोलले नसेन. पण आत ते खोटं सलत होतंच.

एसटीनं नगर, तिथून श्रीगोंदा. घरी आले ती चप्पल न काढता मागच्या खोलीत गेले. कॅलेंडरवर अजून एप्रिलच होता. ते खाली उतरवलं. काचेवर धूळ होती, पदरानं पुसली. खिडकी उघडून उजेड घेतला, भिंग लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. दोनदा बघितलं. कुठं केसाएवढी रेघ नाही.

मग त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हटलं, "मामा, बगितली. आता खरंच बगितली. शाबूत हाय."