महादेवीच्या माथी मारलेली चूक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही, ह्यांनाही नाही. ह्यांना जाऊन आता चार वर्षं झाली — घरात बोलायचं म्हटलं तरी ऐकायला कोण आहे? म्हणून तुम्हाला सांगते.

सोलापुरातल्या एका डी.एड. कॉलेजात मी मराठी शिकवायचे. भावी शिक्षकांना कॉम्प्युटर सक्तीचा झाला आणि प्राचार्यांनी तो विषय माझ्या गळ्यात मारला. मला धड माउसही धरता येत नव्हता. पण तसं म्हणायचं कुणापुढे? वीस वर्षं दुसऱ्यांच्या पाठात चुका काढत आलेली बाई मी!

महादेवी माझी विद्यार्थिनी, मैंदर्गीची. घरात कानडी बोलणारी, मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून कॉम्प्युटर शिकलेली. मधल्या सुट्टीत लॅबचं दार लोटून ती मला शिकवायची आणि तेच मी पुढच्या तासाला ऐटीत वर्गाला शिकवायचे. तिनं हे कधी कुणाला कळू दिलं नाही. लॅबची किल्ली मी तिच्याकडेच ठेवायचे.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी मी लॅबमध्ये एकटीच होते — नाही, एकटी नव्हते, महादेवी दारात होती. बाहेरचे परीक्षक येणार म्हणून मी मुख्य कॉम्प्युटर आवरायला घेतला. तास संपला की फळा स्वच्छ पुसून ठेवायचा, ही आम्हा मास्तरणींची हाडाची सवय. स्क्रीनवर फायलींची सगळी गर्दी दिसली, ती मी पुसली. वर त्यातली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. "मॅडम, थांबा की!" म्हणत महादेवी धावली, तोवर चाळीस मुलींनी परीक्षेसाठी एकेक अक्षर शोधून टाइप केलेले पाठ गेले होते.

प्राचार्यांनी दोघींना बोलावलं. महादेवी माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुमीच सांगा की. तुमी व्हता की तितं."

आणि मी काय सांगितलं? मी म्हणाले — किल्ली हिच्याकडे असते, सर. मी तिथं नव्हते.

माझं बिंग ती तिथंच फोडू शकली असती. नाही फोडलं. परीक्षा दोन दिवस पुढे ढकलली, बाकीच्या मुलींनी पाठ पुन्हा टाइप केले, तिला मात्र लॅबमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. ज्या विषयात ती माझी गुरू, त्याच विषयात ती नापास झाली. मुलींनी तिच्याशी बोलणं टाकलं. ती जिन्याखाली एकटी डबा खायची. स्टाफरूमच्या खिडकीतून ते दिसायचं, म्हणून मी माझी खुर्ची हलवली. पुढच्या वर्षी वडिलांनी तिला पाठवलंच नाही. मला शाल-नारळ मिळाला — कॉम्प्युटर चांगला शिकवते म्हणून.

मी घाबरले होते, हे खरं. पण ती काय घाबरली नसेल?

गेल्या महिन्यात अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "मॅडम, मी महादेवी, मैंदर्गीची. तब्येत बरी हाय का?" मी तो वाचला. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तिला दिसल्याच असतील. मी उत्तर दिलेलं नाही.