बांगडीतलं तिकीट

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच राहिलं. माफी मागायची तर या वहीचीच, कारण वाचणारी मीच.

आज पिंपरीहून मेट्रोने मंडईला गेले. गाडी जमिनीखाली शिरली तेव्हा समोरच्या आजींनी कागदी तिकिटाची बारीक घडी करून बांगडीत खोचली. मला शेजारची शांता आठवली. बसने मंडईला जाताना ती दोघींची तिकिटं अशीच खोचायची. कंडक्टरशी बोलायला मला लाज वाटे. "मास्तर, दोन मंडई द्या. हिची जीभ घरी राहिलीय," असं म्हणून ती हसायची. शांता वारली, मग कित्येक वर्षं मी एकटी बाजाराला गेलेच नाही.

मंडईला उतरलो. बाहेर पडताना तिकिटावरची चौकोनी नक्षी फाटकाला दाखवावी लागते. आजींची नक्षी घडीने चुरगळली होती, फाटक उघडेना. मागून कुणी म्हणालं, "आजी, बाजूला व्हा की!" त्या रडवेल्या झाल्या. पहाऱ्यावरचा माणूस लांब होता.

"अहो दादा, इकडे या! यांनी तिकीट काढलंय, मी पाहिलंय!" माझाच आवाज मला ओळखू येईना.

त्याने येऊन फाटक उघडलं. आजी म्हणाल्या, "बोलकी आहेस गं!"

हे ऐकायला शांता हवी होती.