नाल्याचं पाणी

सन सदतीसच्या वैशाखात चुडामणच्या घोट्याजवळ फोड आला, तेव्हा त्याने बायकोला काटा रुतल्याचं सांगितलं. चार दिवस तो पायाला फडकं गुंडाळून हिंडला. पाचव्या दिवशी धनुबाईने जबरदस्तीने फडकं सोडलं. फोड फुटला होता आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक बाहेर आलं होतं.

"हाऊ ते नारू शे!" ती म्हणाली आणि तोंडावर पदर धरून मटकन खाली बसली.

नारूचं तिला नवल नव्हतं. तापीकाठच्या त्या मुलखात दर उन्हाळ्यात माणसं नारूने खाटेला लागायची. नवल होतं ते नारू कुणाला झाला याचं. चुडामण जिल्हा बोर्डाचा विहिरींचा मुकादम. ज्या विहिरींत लोक पायऱ्यांनी उतरून पाण्यात पाय घालत, त्यांच्या पायऱ्या बुजवायच्या, वर कठडा बांधायचा, रहाट बसवायचा, हे त्याचं काम. पाणी दुपदरी फडक्यातून गाळून प्या, हे त्याने पंचवीस गावांच्या चावडीवर सांगितलेलं. गुजर पाटलांच्या घरातला, सातवी शिकलेला, सायकलवरून फिरणारा हा माणूस. लोक त्याला मानायचे.

"बोर्डाना दवाखानामा चला," धनुबाई म्हणाली.

"नको." दवाखान्यातला डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार होता, कुठलं पाणी प्यायलात? आणि ते चुडामणला नेमकं ठाऊक होतं. नारू अंगातून बाहेर यायला वर्ष घेतो. मागच्या वैशाखात भर दुपारी सायकल हातात धरून परतताना घशाला कोरड पडली, तेव्हा त्याने भिलाटीखालच्या, गावच्या भिल्लवस्तीखालच्या, नाल्यातल्या डबक्यात वाकून ओंजळीने पाणी प्यायलं होतं. तिथे दोन भिल्ल बाया घागरी भरत होत्या. त्या बाजूला सरकल्या होत्या.

धनुबाईने मग भुरीबाईला बोलावणं धाडलं. भुरीबाई भिलाटीतली. तुटू न देता नारू काढावा तर तिनेच, अशी तिची ख्याती. चुडामण मात्र प्रत्येक गावात सांगत आला होता की असल्या बायांच्या हाती पाय देऊ नका.

ती आली. भिल्लीण घरात नको म्हणून खाट ओट्यावर टाकली होती. तिने कपाशीची काडी सोलून घेतली, फोडावर पाण्याची धार धरली, टोक अलगद काडीला गुंडाळलं. दोन बोटं आलं, तशी थांबली.

"रोज इतलंच. वढशात ते आतमा तुटी जाई, पाय सडी जाई." मग पायाकडेच बघत म्हणाली, "हाऊ नालाना नारू शे."

चुडामणने मान भिंतीकडे वळवली.

त्याला दोन वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. याच गावातल्या, त्याच्या स्वतःच्या गावातल्या विहिरीच्या पायऱ्या बुजवायचं काम निघालं होतं. पूर्वेच्या पायऱ्या पाटलांच्या, पश्चिमेच्या चार मोडक्या पायऱ्या भिलाटीच्या, असा जुना रिवाज. दगड-माती पडायला लागली तेव्हा भुरीबाईच येऊन उभी राहिली होती. "दादा, आम्हनं पाणी?"

"रहाट बसाडी ऱ्हायनूत ना," तो म्हणाला होता. "रहाट सर्वासना शे."

आणि ते तो मनापासून बोलला होता. पण रहाट बसला त्याच सकाळी भुरीबाईने दोराला हात लावताच त्याचा चुलता दोधू पाटील ओरडला, "हात काढ! घागर खाले ठेव. आम्हनं भराई जाई मंग तुले वतसूत." चुडामण चार हात अंतरावर उभा राहून कठड्याची उंची मोजत होता. भुरीबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने टेपवरचे आकडे वाचायला मान खाली घातली. मोजून झालं होतं, तरी तो वाचतच राहिला.

पाटलांचं भरून व्हायला दुपार व्हायची. तोवर भिलाटीतल्या बायांना मजुरीवर जायचं असायचं. महिन्याभरात सगळी भिलाटी नाल्यावर गेली. चुडामणने अहवाल लिहिला, 'गावातील सर्व लोक रहाटाचे पाणी वापरतात.' पुढच्या वर्षी भिलाटीत सोळा माणसं नारूने पडली. वरून विचारणा आली तेव्हा त्याने उत्तर धाडलं, 'सदर लोक पाणी गाळीत नाहीत.'

भुरीबाई रोज सकाळी यायची. दोन बोटं गुंडाळायची, काडी पायाला बांधून जायची. विहिरीची वाट ओट्यासमोरूनच. येणारा-जाणारा पाय बघायचा. दोधू पाटील एकदा थांबून हसला, "काय मुकादम, गाळाले फडकं भेटनं नही का?" चुडामणही हसला, आणि हसल्याबद्दल त्याची त्यालाच किळस आली. समोर बसून काडी गुंडाळणाऱ्या भुरीबाईची सून मागच्या साली अशीच नारूने पडली होती. पेरणीच्या दिवसांत ती घरात पडून होती. हे त्याला धनुबाईकडून कळलं, भुरीबाईकडून नाही.

एकोणिसाव्या दिवशी त्याच्याने राहवलं नाही. "भुरीबाई, त्या रोज मी बोलाले पाहिजे व्हतं. काका तुले बोलना, मी आयकं. मी काहीच बोलनू नही."

तिने काडीला अर्धा वेढा दिला. "पाय हालाडू नका," ती म्हणाली.

तेविसाव्या दिवशी नारू सबंध निघाला. धनुबाईने भुरीबाईला जोंधळे आणि लुगडं दिलं. ते घेऊन ती गेली.

त्याच आठवड्यात चुडामणने बोर्डाला लिहिलं. माझा मागील अहवाल आणि नंतरचं उत्तर दोन्ही खोटी आहेत, रहाटाला भिलाटीचा हात लागू दिला जात नाही, तिथला नारू त्यामुळे आहे, आणि मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एवढी चार वाक्यं लिहायला त्याला तीन दिवस लागले. विहिरीवर दुसरा रहाट बसवावा आणि तो सर्वांना खुला असल्याची पाटी लावावी, अशी मागणी त्याने शेवटी केली होती.

बोर्डाच्या ओव्हरसियरने बोलावून खडसावलं. विहिरींचं काम काढून घेतलं, रस्त्याकडेच्या कडुनिंबांना पाणी घालणाऱ्या मजुरांवर नेमलं. घरी दोधू पाटील वर्षभर बोलला नाही. दुसरा रहाट काही बसला नाही. गावात तंटा नको, म्हणून बोर्डाने दीड वर्षाने भिलाटीसाठी वेगळी विहीर खोदून दिली. लहानशी, पण कठड्याची. दोन उन्हाळ्यांत भिलाटीतला नारू हटला.

विहीर सुरू झाली त्या दिवशीच्या पूजेला बोर्डाचे मेंबर आले होते. त्यांनी भाषणात चुडामणचं नाव घेतलं आणि हार त्याच्या गळ्यात घातला. टाळ्या वाजल्या. बायांच्या घोळक्यात भुरीबाई उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, तोंडही फिरवलं नाही. चुडामणला वाटलं, सांगावं सगळ्यांना, की ही विहीर वेगळी खोदावी लागली, कारण त्या सकाळी मी गप्प बसलो. पण दोधू पाटील पहिल्या रांगेत होता, मेंबर घाईत होते, आणि तो पुन्हा गप्पच राहिला.

लोक त्या विहिरीला 'चुडामणनी विहीर' म्हणायला लागले. तो पुढे बरीच वर्षं जगला, जरा लंगडत. शेताला जायची सरळ वाट त्या विहिरीवरून होती. तो मात्र बांधाबांधाने, पाव कोसाचा वळसा घालून जायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, पायाला चाललेलं बरं.