बाबांचं टिंब

बाबांना हॅम रेडिओचा भारी नाद. स्कूटरवर बसवलेला त्यांचा सेट ते कुठं आहेत हे सारखं कळवत राहतो आणि घरातल्या कॉम्प्युटरच्या नकाशावर त्यांचं टिंब सरकतं. संध्याकाळी कामावरून, पांडेसऱ्याहून निघालेलं टिंब उधन्याच्या पुलावर आलं की आई तवा ठेवते. गरम भाकरीसाठी एवढा खटाटोप! सरळ फोन करा ना, म्हणून मी कितीदा चिडले.

डॉक्टरांनी तेलकट बंद केल्यापासून टिंब मध्येच गायब होतं.

"सिग्नल नव्हता," बाबा गंभीरपणे सांगतात.

सिग्नल बरोबर लोचोच्या गाडीपाशीच जातो, जिथं वाफवलेल्या डाळीच्या गरम लोचोवर तेल ओतून देतात.

आई वाद घालत नाही. त्या दिवशी ती एकच भाकरी थापते. आणि बाबा दुसरी मागत नाहीत.