इन्सुलिन आणि बिनदाराचं घर

“तुमच्या मुलीला टाइप वन डायबेटिस आहे,” नगरच्या मुलांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. म्हणजे शरीरात इन्सुलिन तयार होणंच थांबतं. ते रोज बाहेरून टोचावं लागतं. माझी वैष्णवी अकरा वर्षांची. सारखं पाणी प्यायची, वाळत चालली होती आणि आम्ही उन्हाळ्याला दोष देत होतो. मी तिथंच रडले.

इंजेक्शन घ्यायला ती स्वतः शिकली. तरी शुगर उतरेना. डॉक्टरांनी डोस वाढवला, मी भात बंद केला. एके दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि तिला भरती करावं लागलं. किटोन वाढले होते, म्हणजे इन्सुलिन नसल्यामुळे रक्तात आम्ल साचलं होतं. पोर हातची जाता जाता वाचली.

ती सावरल्यावर डॉक्टर म्हणाले, “औषध बरोबर आहे, पण ते अंगात जात नाहीये. शेजारच्या खोलीत आमच्या सायकॉलॉजिस्ट बसतात. आत्ताच भेटा.”

सायकॉलॉजिस्ट म्हणजे मनाचं दुखणं ओळखणाऱ्या. मी भडकले. माझी पोर काय वेडी आहे? दुसऱ्या इमारतीत पाठवलं असतं, तर मी सरळ गावाकडं जायला घोडेगावची एसटी धरली असती. पण खोली शेजारीच होती, केसपेपरही तोच होता. गेलो.

मॅडमनी विचारलं, “इंजेक्शन घेताना दार लावून घेतेस का गं?”

वैष्णवी हसली. “आमी शनी शिंगणापूरचे. गावात कुणाच्याच घराला दार न्हाई, मॅडम.”

आणि हसता हसता रडायला लागली. पडदा सारून कुणीही आत येतं. पोटावर सुई, आणि समोर चुकचुकणाऱ्या बायका. म्हणून ती सुई न टोचताच “घेतलं” म्हणायची. मला वाटायचं, पडदा आहे की!

मॅडम मला म्हणाल्या, “तुम्ही जवळ बसा. पण लोकांशी बोलायचं ते तिला बोलू द्या.”

त्या दोन्ही खोल्यांचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या लेकराला कुणी असं शेजारी पाठवलं, तर भांडू नका. जा.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी वैष्णवी सुई घेऊन बसली, तोच शेजारच्या हिराकाकू पडदा सारून आत. “अगं बाई, पोरीच्या जातीला काय ह्यो भोग! लई दुखतं का गं?”

माझ्या जिभेवर शिव्या आल्या होत्या. गिळल्या.

वैष्णवीनं सुई टोचली. “सुई न्हाई एवढी दुखत, काकू. तुमी असं बोलता ना, त्येच लई दुखतं.”

मग तिनं फ्रॉक खाली केला, अजिबात घाई न करता.